खड्डे घेण्याआधी : माळावर झाडं लावणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

माळावर वृक्षारोपणाला येणाऱ्या कंपन्या, मंडळं, कॉलेजांची पथकं, आणि त्यांना होकार देणारे आमच्या भागातले सरपंच व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जुलैत तुमच्यापैकी एकांच्या दोन बसगाड्या आमच्या गायरानापाशी थांबल्या, तेव्हा नारळ फोडायला मला बोलावलं होतं. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई, गावात चार लोक ऐकतात, म्हणून. मी फोडलाही. फोटोत मी उजवीकडून दुसरी आहे, हातात काशीदचं रोप. तेव्हा हे पत्र तुमच्यावर बोट दाखवण्यासाठी नाही. दाखवायचंच तर ते माझ्याकडेही वळतं. तीस वर्षं वर्गात अन्नसाखळी शिकवली आणि शाळेच्या मागचा माळ काय आहे हे मला साठी उलटल्यावर कळलं.

आमचं गाव बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यात, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यापासून फार लांब नाही. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर. कॅनॉल खाली गेला, ऊस खाली गेला, वर राहिला हा मुरमाड माळ. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. या मातीत तुम्ही मे महिन्यात जेसीबीने दीड-दीड फुटाचे खड्डे घेतले, जुलैत गिरिपुष्प, काशीद, करंज आणि थोडे वड-पिंपळ लावले. यंदा मेमध्ये मी पुन्हा जाऊन आले. बहुतेक रोपं वाळली आहेत. आता बाई टँकरचं रडगाणं गाणार, असं तुम्हाला वाटेल. मेलेल्या रोपांबद्दल माझी तक्रार नाही. जगलेल्यांबद्दल आहे, आणि त्याहून जास्त खड्ड्यांबद्दल.

गेल्या दिवाळीआधी, पावसाळ्यात इथे मेंढरं घेऊन असणाऱ्या वाड्यातले (मेंढपाळांच्या तळावरचे) एक म्हातारे बाबा मला भेटले होते. दिवाळी झाली की हे लोक घाट उतरून कोकणात जातात आणि मिरगाच्या आधी परत येतात, बापजाद्यांपासूनची वाट. ते म्हणाले, "बाई, रोपाचं ऱ्हाऊ द्या. ह्या खड्ड्यांत कोकरांचं पाय मोडाय लागलेत. आन् बघा की, खड्ड्याभवती गवात आलंच न्हाई, नुसतं गाजरगवात." मी वाकून पाहिलं. अगदी तसंच होतं. बाहेर काढून टाकलेल्या मुरमाच्या प्रत्येक ढिगाऱ्यावर गाजरगवताचा वाळका झुपका, आणि दोन खड्ड्यांच्या मधल्या न खणलेल्या पट्ट्यात मात्र पवन्या गवताची ठोंबं जशीच्या तशी.

त्या दिवसापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. याच माळाने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. मी तेव्हा लहान होते. गुरांनी मुळांपर्यंत ओरबाडलेली जमीन मला आठवते, धुरळा आठवतो. हा माळ दर दोन-तीन वर्षांनी कुठून तरी पेटतो. हजारो खुरांखाली तुडवला जातो. आणि तरी पहिल्या दोन पावसांत हिरवा होतो. मग दीड फुटाच्या खड्ड्याने असं काय केलं?

उत्तर तुमच्यापैकी जे ऊसवाले आहेत त्यांना एका वाक्यात सांगता येईल. ऊस तुटतो, मागे पाचट राहतं, पुष्कळ जण ते पेटवूनही देतात (देऊ नये, पण देतात), आणि तरी खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुढचं पीक, फुटतो. का? कारण डोळे जमिनीखाली असतात. बेणं शिल्लक असतं. पण त्याच शेतात नांगर घालून खोडक्या उपटून टाकल्या तर खोडव्याची वाट बघत कुणी बसत नाही. माळाचं गणित हेच आहे. धक्का किती मोठा दिसतो याला अर्थ नाही. धक्क्यानंतर बेणं उरलं का, याला आहे.

वणवा दिसायला भयंकर. पण वाळल्या गवतातून जाळ काही मिनिटांत पुढे सरकतो, आणि जमिनीखाली दोन-तीन सेंटीमीटरवर तापमान फारसं वाढतही नाही. गवताचा वाढीचा डोळा पात्याच्या टोकाला नसतो, बुडाशी असतो, म्हणून पातं जळलं किंवा मेंढराने खाल्लं तरी गवत खालून वाढतच राहतं. झाडाचं तसं नाही. त्याचे कोंब शेंड्याला. कोवळ्या झाडाचा शेंडा गेला की ते एक पाऊल मागे जातं. आग आणि खूर यांनी हजारो वर्षं माळावर झाडांना आवरून धरलं आणि गवताला जागा दिली. आपण ज्याला माळाचं नुकसान म्हणतो, त्यातला बराच भाग माळाचा रोजचा व्यवहार आहे.

कुसळाचंच घ्या. तुमच्या पोरांनी त्या दिवशी मोज्यांतून कुसळं उपटताना केवढा आरडाओरडा केला होता! कुसळीचं बी म्हणजे एक छोटं गिरमिट असतं. पुढे टोकदार, मागे लांब कूस. ही कूस वाळली की पिळते आणि ओली झाली की पीळ सुटतो. रात्री दव, दिवसा ऊन. पुन्हा दव, पुन्हा ऊन. या पीळ घेण्या-सोडण्यात बी हळूहळू मातीत शिरत जातं. उन्हाळ्यात वणवा येईतो ते खाली सुरक्षित असतं. ही रचना जाळाबरोबर राहायला शिकलेल्या गवताची आहे. मी हे वर्गात कधीच शिकवलं नाही. पुस्तकात सूर्यफूल होतं.

आणि कंद. मे महिन्याच्या रखरखाटात, पाऊस अजून दूर असताना, माळावर रानकांद्याचा दांडा वर येतो. पान एकही नाही, नुसता दांडा आणि संध्याकाळी उमलणारी फुलं. पहिल्या पावसानंतर कुलीची पानं, मग खरपुडीचे वेल. मेंढपाळांची पोरं खरपुडीचे कंद उकरून खातात. या सगळ्यांनी आपला संसार जमिनीखाली मांडलेला आहे. वर काहीही होवो, खाली शिदोरी आहे. म्हणूनच माळाचा कर्बही बहुतांश जमिनीखाली असतो. जाळ वरून गेला तरी तो तिथेच राहतो. कर्ब साठवण्याच्या हिशेबासाठी झाडं लावणाऱ्या कंपन्यांनी एवढं तरी नोंदवून ठेवावं.

आता जेसीबीचं बकेट या मातीत शिरतं तेव्हा काय होतं ते बघा. वीतभर मातीत असलेले कंद, ठोंबं, बियांची गादी सगळं एका झटक्यात उलटं होतं, आणि वर येतो मुरूम, ज्यात कसलंच बेणं नाही. अशी उघडी जागा म्हणजे गाजरगवताला आवतण. हे तण आपल्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलं तेही १९५५ साली, आपल्या पुण्यातच. खणलेली, उकरलेली, भरावाची जमीन दिसली की ते आधी हजर. वणव्यानंतर माळावर परत येतात ती माळाचीच माणसं. खड्ड्यानंतर येतात ते पाहुणे, आणि पाहुणे उठत नाहीत.

"येईल हो पुन्हा गवत दोन-चार वर्षांत," असं त्या दिवशी तुमच्या साहेबांनी म्हटलं होतं. हिरवं काहीतरी येईल, हे खरं. पण मूळचा माळ? पुण्याचेच संशोधक आशीष नेर्लेकर यांनी जोसेफ वेल्डमन यांच्यासोबत २०२० मध्ये जगभरच्या गवताळ प्रदेशांच्या नोंदी एकत्र करून हा प्रश्न तपासला. नांगरून किंवा अन्य प्रकारे मोडलेल्या जुन्या गवताळ प्रदेशाला आपली वनस्पतींची विविधता परत मिळवायला किमान शंभर वर्षं लागतात, आणि बहुतेक वेळा हजारो. जंगल तोडलं तर भरून यायला शतकं लागतात हे आपल्याला पटतं, कारण झाडाचं खोड दिसतं. गवताचं वय कुणाला दिसत नाही. पवन्याचं एखादं ठोंब माझ्या आजोबांच्या वेळचंही असेल. त्याला कोण वाढदिवस करणार.

खड्ड्यातून वाचलेला माळ मग सावलीत सापडतो. आपली माळाची गवतं उन्हाची. पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी, ही सगळी भर उन्हात जोम धरणारी. गर्द सावलीत ती विरळ होत जातात. गिरिपुष्प हे मध्य अमेरिकेतलं झाड, आपल्या शेतकऱ्यांनी बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावलं, तिथे ते उपयोगीच आहे. पण पुण्यातल्या टेकड्यांवर त्याचे पट्टेच्या पट्टे लावले गेले, त्यांच्याखाली जाऊन उभे राहा. पाचोळा, शांतता, आणि जमिनीवर जवळजवळ काही नाही. धाविक, चंडोल, माळटिटवी हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात आणि दूरवर नजर जाईल अशी उघडी जागा शोधतात. माळाच्या मधोमध दहा झाडांचा झुबका उभा राहिला की कावळ्याला आणि शिकऱ्याला टेहळणीचा बुरूजच मिळाला. म्हणून म्हणते, तुमची जगलेली रोपं मला मेलेल्यांपेक्षा जास्त छळतात.

इथे हमखास एक मुद्दा येतो, ग्रामसभेतही आला होता: इथे पूर्वी जंगलच होतं, माणसांनी तोडलं, आपण परत लावतोय. ऐकायला फार बरं वाटतं. पण मग एक गोष्ट सांगा. द्वीपकल्पीय भारताच्या माळरानांत आणि विरळ झाडीच्या गवताळ भागांत २०६ वनस्पती अशा नोंदल्या गेल्या आहेत की ज्या जगात दुसरीकडे कुठे नाहीत. जंगल तोडून दोन-चारशे वर्षांत तयार झालेल्या मोकळ्या जागेत अशा प्रजाती उपजत नाहीत. त्यासाठी लाखो वर्षं माळ माळच असावा लागतो. आणि आपल्याच भाषेचा पुरावा आहे. नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये जुनं मराठी वाङ्मय, ओव्या आणि लोककथा यांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले, तर पश्चिम महाराष्ट्राच्या या पट्ट्यात निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही बाभळी, काटेरी झुडपं आणि गवत असंच चित्र निघालं. खंडोबाच्या आणि धनगरांच्या ओव्या जरा कान देऊन ऐका. त्यात मेंढरं आहेत, कुरणं आहेत, लांडगा आहे. घनदाट अरण्य शोधून काढावं लागतं.

सरकारी कागदांचा वाटा यात मोठा आहे, तोही बोलते. महसुलाच्या भाषेत जिथे पीक नाही ती 'पडीक'. हाच शब्द उपग्रहाच्या नकाशांपर्यंत गेला. राज्याने २०१६ ते २०१९ या चार वर्षांत दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी असे झाडांचे आकडे जाहीर केले. एवढ्या झाडांना जागा कुठून आणायची? शेत कुणी देत नाही, जंगलात आधीच झाडं आहेत. उरतो माळ. दुसरीकडे कुठे रस्त्यासाठी, खाणीसाठी जंगल तुटतं आणि त्याच्या भरपाईचं वनीकरणही पुष्कळदा अशाच उघड्या जमिनीवर येतं. एका जागेचं जंगल जातं आणि दुसऱ्या जागेचा माळ जातो, वहीत मात्र जमा-खर्च जुळतो.

एवढं वाचून कुणी असा अर्थ काढेल की बाई वणवे लावा म्हणतात. नाही, बाबांनो. माझं म्हणणं उलट जास्त किचकट आहे. काडी तीच, पण महाबळेश्वर-कोयनेच्या सदाहरित रानात तिने जे होतं ते भरून यायला पिढ्या जातात, कारण तिथल्या झाडांनी जाळ पाहिलेलाच नाही. साल पातळ, बेणं ओल्या पाचोळ्यात. देवराईत शिरलेला वणवा ही आपत्तीच. आणि आमच्या माळावरही दरवर्षी, तेही चंडोलाची अंडी जमिनीवर असताना, आग लावली तर ते नुकसानच आहे. चराईचंही तसंच. मेंढरं येतात, खातात, लेंड्या टाकतात, पुढे जातात. त्यांच्या मागे गवताला श्वास घ्यायला महिने मिळतात. पण तीच जनावरं बारा महिने एकाच तुकड्यावर राहिली की आधी पवन्या-मारवेल संपतात, कुसळी उरते, मग बारकी एका पावसाची गवतं, आणि शेवटी टाकळा. किती वेळाने, कोणत्या ऋतूत, मधे विसावा किती, यावर सगळं आहे.

आणि सगळे धक्के बंद करणं हाही एक धक्काच. भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद केली. पक्ष्यांचं भलं व्हावं, हा हेतू. त्यावरून लोकांवर गोळीबारापर्यंत गोष्ट गेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासात दिसलं की म्हशी नसल्याने पाणगवत माजलं आणि उघडं पाणी गुदमरलं. ज्या पक्ष्यांसाठी बंदी घातली त्यांनाच जागा कमी पडू लागली. आपल्याकडे कासच्या पठारावर कुंपण आणि चराई यांवरून झालेली वादावादी तुम्ही वाचली असेलच. कुंपण घालणं सोपं असतं. गुराख्याशी बसून ठरवणं अवघड.

सगळाच माळ धडधाकट आहे असं मी म्हणत नाही. आमच्याच गायरानाच्या पूर्वेला मुरमाची खाण होती. तिथे बेणंच उरलेलं नाही, ती जागा आपणहून सावरणार नाही. ओढ्याची काठं ढासळली आहेत. शाळेचं मैदान, स्मशानाची वाट, बाजारतळ उघडे आहेत. तिथे या, हवी तेवढी झाडं लावा: ओढ्याला करंज, उंबर, वस्तीत लिंब, वड. पाणी घालायला गाव आहे. खाणीच्या तुकड्यावर तर मारवेलची ठोंबं लावायला आणि गोळा केलेलं पवन्याचं बी टाकायला खरंच माणसं लागतील, आणि ते काम फोटोत फारसं दिसणार नाही. हातात धरायला रोप नसतं ना.

बाकीच्या माळावर तुमचा पैसा खर्च करायचाच असेल तर तो उपटण्यावर करा. गिरिपुष्पाची आणि सुबाभळीची आपोआप उगवलेली पोरं अजून हाताने निघतात. पाच वर्षांनी कुऱ्हाड लागेल. खड्ड्यांभोवतीचं गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटायचं. हातमोजे घालून, कारण त्याने अंगाला खाज येते. खड्डे, त्यांचाच मुरूम ढकलून, बुजवायचे. ते तरी कोकरांसाठी. आणि पूर्वी गावोगाव कुरणाची राखण असे, गवताचा लिलाव होई, बी झडल्यावर विळ्याने कापणी होई, ती रीत पुन्हा बसवायला राखणदाराचा वर्षाचा पगार लागेल. हिवरे बाजारने मोकाट चराई थांबवून विळ्याने गवत कापून न्यायची पद्धत बसवली, ती काही फार दूरची गोष्ट नाही. फक्त तिथली बंदी ग्रामसभेने ठरवली होती; आमच्याकडे ठरवताना वाड्यातली माणसं त्या बैठकीला हवीत, आणि बैठक पावसाळ्यात हवी. दिवाळीनंतर ते कोकणात असतात, हे लक्षात न घेता गेल्या वर्षी बैठक डिसेंबरात झाली.

मयूरेश्वरचं अभयारण्य अवघं ५.१४ चौरस किलोमीटर आहे. चिंकारा काही हद्द वाचत नाही. तो आमच्या गायरानात येतो, लांडगा येतो, खोकड येतं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याची कागदावरची हद्द एके काळी ८,४९६ चौरस किलोमीटर होती, नंतर ती १,२२२ वर आली. आणि माळढोक दिसला तर आता ती वर्तमानपत्रातली बातमी होते. तिथे काय काय घडलं त्याची कारणं पुष्कळ आहेत, ऊस, विजेच्या तारा, वस्ती. सगळं झाडांवर ढकलणं खोटं ठरेल. पण गायरानं आणि पडीक म्हणवलेले माळ हेच या प्राण्यांचं खरं घर आहे, आणि त्या घराला राखणदार नाही. योगायोग असा की २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांसाठी जाहीर केलं आहे. तुमच्या वार्षिक अहवालात त्याला एखादं पान मिळेलच. त्यात आमच्या माळाचा फोटो टाकायचा असेल तर ऑक्टोबरातला टाका, पवन्या तांबूस झालेला असतो तेव्हाचा.

माझी विनंती एवढीच आहे: यंदाचे खड्डे घ्यायला मशीन पाठवण्याआधी तुमच्यातले पाच-सहा जण या. पहिला पाऊस पडून आठवडा झाला की. मी असेन, म्हातारे बाबाही तोवर घाट चढून आलेले असतील. आपण गेल्या वर्षीच्या खड्ड्यांपासून सुरुवात करू आणि न खणलेल्या पट्ट्यात शेवट करू. दोन्हीकडे एकेक हात जागा आखून त्यात काय काय उगवलं ते मोजू. नावं मला येतील तेवढी मी सांगेन, उरलेली बाबा सांगतील. नाश्ता माझ्याकडे. रोपं आणि फावडी आणू नका. जाड मोजे मात्र आणा. कुसळं गेल्या वर्षीचीही मातीत आहेत.

आपली,
त्या फोटोत उजवीकडून दुसरी